डोक्याचा सीटी : आजोबांचा आणि नातवाचा

जबलपूरच्या राइट टाउनमध्ये सकाळी दहानंतर गाडी उभी करायला जागा मिळत नाही. नर्सिंग होम, दवाखाना, पॅथॉलॉजी, औषधांचं दुकान, पुढे पुन्हा नर्सिंग होम, आणि अधूनमधून एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी, एमआरआयच्या पाट्या. मंडला, नरसिंहपूर, सिवनी, बालाघाट, कटनी, दमोह अशा भोवतालच्या जिल्ह्यांतून माणसं उपचारासाठी या शहरात येतात. भोसल्यांच्या अमलापासून इथे मराठी घरंही नांदत आली आहेत, त्यामुळे सेंटरच्या बाकावर हिंदीच्या ओघात मध्येच ‘बाबा, कानातलं मशीन काढून द्या’ असं मराठीही कानावर पडतं.

या बाकांवर दोन तऱ्हेची घरं शेजारीशेजारी बसलेली असतात. एका घरात पंचाहत्तरी ओलांडलेले आजोबा. दोन महिन्यांपासून विसरायला लागले आहेत, चालताना तोल जातो, डॉक्टरांनी डोक्याचा सीटी सांगितला आहे. सूनबाई दबक्या आवाजात विचारतात, ‘आधीच यांना आठवत नाही, त्यात हे किरण डोक्यातून गेले तर उरलंसुरलंही जाईल का हो?’ दुसऱ्या घरात दोन वर्षांचा नातू. पलंगावरून पडला, कपाळावर टेंगूळ आलं, पाच मिनिटं रडला आणि आता बिस्किट खातो आहे. त्याचे वडील म्हणतात, ‘एकदा सीटी करूनच टाका, म्हणजे डोक्याला ताप नको.’

पहिल्या घराला भीती वाटते आणि दुसऱ्याला वाटत नाही. आज उपलब्ध असलेली माहिती पाहिली तर हे नेमकं उलट असायला हवं. मेंदूवर थोड्या रेडिएशनचा काय परिणाम होतो, या प्रश्नात डोस किती याइतकंच मेंदू किती वयाचा हे महत्त्वाचं आहे. पोटातलं बाळ, रांगतं मूल आणि सत्तरीचा माणूस यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

आधी ‘थोडं’ म्हणजे किती ते पाहू. राइट टाउनहून मदन महालच्या टेकडीवर गेलात तर राणी दुर्गावतीच्या नावाशी जोडलेला किल्ला आहे आणि जवळच तो प्रसिद्ध तोललेला दगड, जो २२ मे १९९७च्या भूकंपातही ढळला नाही. हे सगळे दगड ग्रॅनाइटचे. ग्रॅनाइटमध्ये युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियमचे किरणोत्सारी अणू अत्यल्प प्रमाणात असतातच. जमिनीतून झिरपणारा रेडॉन वायू, आकाशातून येणारे वैश्विक किरण, आणि आपल्या स्वतःच्या शरीरातलं पोटॅशियम, या सगळ्यांचा मिळून जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट इतका डोस मिळतो. त्यातला जवळजवळ निम्मा एकट्या रेडॉनचा. केरळात कोल्लम जिल्ह्यातल्या करुनागप्पळ्ळीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटची वाळू आहे, तीत थोरियम आहे, आणि काही वस्त्यांमध्ये हा आकडा जागतिक सरासरीच्या कितीतरी पट वर जातो. तिथल्या ६९,९५८ रहिवाशांचा सरासरी साडेदहा वर्षं पाठपुरावा करून २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या वाढीव डोसामुळे कर्करोग वाढल्याचं दिसलं नाही. तो अभ्यास कर्करोगाचा होता, स्मरणशक्तीचा नव्हे. पण हळूहळू, वर्षानुवर्षं मिळणारा डोस शरीर बऱ्याच अंशी निभावून नेतं, एवढं त्यातून दिसतं. तोच डोस काही सेकंदांत मिळाला तर हिशेब बदलतो. किरणांनी तुटलेला डीएनए सांधायला पेशीला वेळ लागतो.

शास्त्रज्ञ साधारण १०० मिलिसिव्हर्टच्या खालच्या डोसाला ‘कमी’ म्हणतात. छातीचा एक एक्स-रे त्याच्या हजाराव्या भागाच्या आसपास असतो. डोक्याचा सीटी सुमारे २ मिलिसिव्हर्ट, म्हणजे वर्षभरात निसर्ग देतो त्याच्या जवळपास. मात्र इथे एक गोष्ट निसटते, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. हा २चा आकडा सबंध शरीराच्या धोक्याच्या हिशेबात काढलेला असतो. सीटीचे किरण सबंध शरीरावर पडत नाहीत, डोक्यावर पडतात. प्रौढ माणसाच्या मेंदूला प्रत्यक्षात त्या वेळी ४० ते ६० मिलिग्रे (अवयवात जिरलेल्या किरणांचं माप) डोस मिळतो. मेंदूबद्दल बोलायचं तर हा दुसरा आकडा धरायला हवा.

मेंदूच्या वयाची गोष्ट पहिल्यांदा समजली ती हिरोशिमा आणि नागासाकीत. १९४५च्या ऑगस्टमध्ये अणुबॉम्ब पडले तेव्हा आईच्या पोटात असलेल्या सुमारे १,६०० मुलांवर पुढे अनेक वर्षं लक्ष ठेवलं गेलं. त्यांच्यापैकी ३० मुलं तीव्र मतिमंदत्वाची निघाली. ओताके आणि शुल या संशोधकांनी १९८४मध्ये या नोंदी गर्भाच्या वयानुसार लावून पाहिल्या आणि चित्र लख्ख झालं. गर्भधारणेनंतर ८ ते १५ आठवड्यांच्या दरम्यान ज्यांना किरण लागले त्यांचं नुकसान सर्वाधिक. १६ ते २५ आठवड्यांत कमी. पहिल्या सात आठवड्यांत आणि पंचविसाव्यानंतर असा परिणाम आढळला नाही. कारण मेंदूच्या घडणीत आहे. आठव्या ते पंधराव्या आठवड्यात बाह्य मेंदूच्या चेतापेशी प्रचंड वेगाने जन्माला येतात आणि आतल्या भागातून बाहेरच्या थरांकडे सरकत आपापली जागा घेतात. या काळात दुभंगणारी पेशी मेली किंवा वाट चुकली तर ती जागा नंतर भरून निघत नाही. या आठवड्यांतल्या १,००० मिलिग्रे डोसामागे बुद्ध्यंक साधारण २५ अंकांनी उतरतो, असा अंदाज आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोग धरतो. १०० मिलिग्रेच्या खाली हा फरक व्यवहारात ओळखू येण्याजोगा राहत नाही, असंही तो म्हणतो.

म्हणून गरोदर बाईला एक्स-रेच्या दारावर थांबवून विचारलं जातं. पण त्या भीतीलाही माप हवं. गरोदर बाईला अपघातात डोक्याला मार लागला आणि तिच्या डोक्याचा सीटी काढला, तर किरण पडतात डोक्यावर. गर्भापर्यंत पोचतं ते मोजण्याच्या लायकीचंही नसतं. पोटाचा सीटी ही निराळी बाब, त्यात गर्भाला १० ते २५ मिलिग्रे मिळू शकतात. दोन्हींना एकच भीती लावून डोक्याचा सीटी टाळणं आईच्या जिवावर बेतू शकतं.

जन्मानंतर काय होतं? याचं सर्वांत अस्वस्थ करणारं उत्तर स्वीडनमधून आलं. तिथे १९३० ते १९५९ या काळात तान्ह्या मुलांच्या त्वचेवरच्या लाल रक्तवाहिन्यांच्या गाठींवर रेडियमने आणि एक्स-रेने उपचार करत. गाठ निरुपद्रवी, बहुतेक वेळा आपोआप जाणारी. पण तेव्हा तीच पद्धत होती. यातले मुलगे मोठे झाल्यावर अठरा-एकोणीस वर्षांचे असताना सक्तीच्या लष्करभरतीत त्यांच्या बुद्धिचाचण्या झाल्या, आणि त्या कागदांत उत्तर दडलेलं होतं. दीड वर्षाच्या आत उपचार झालेल्या ३,०९४ पुरुषांची माहिती पेर हाल आणि सहकाऱ्यांनी २००४मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडली. मेंदूला किरण न लागलेल्यांपैकी सुमारे ३२ टक्के उच्च माध्यमिक शाळेपर्यंत पोचले होते. २५० मिलिग्रेहून जास्त डोस मिळालेल्यांपैकी सुमारे १७ टक्के. शिकण्याची क्षमता आणि तर्कबुद्धी डोसाबरोबर उतरत गेली, आकारांची जाण मात्र तशी उतरली नाही. नंतरच्या काही अभ्यासांत इतका ठळक कल दिसला नाही, हे सांगायलाच हवं. तरी तान्ह्या मेंदूच्या बाबतीत ‘काही होत नाही’ असं ठामपणे म्हणण्याचा अधिकार या अभ्यासाने काढून घेतला.

इस्रायलमध्ये १९४८ ते १९६०च्या दरम्यान हजारो मुलांच्या डोक्यावरचे बुरशीचे चट्टे, म्हणजे आपल्याकडचा डोक्यातला गजकर्ण, एक्स-रेने केस गाळून बरे केले गेले. तिथे मेंदूला १,५०० मिलिग्रेच्या आसपास डोस गेला. तो कमी डोस नव्हेच. त्या मुलांचे शाळेतले आणि चाचण्यांतले गुण पुढे भावंडांच्या मानाने थोडे मागे पडले. दुसऱ्या टोकाला चेर्नोबिल. तिथल्या अणुभट्टीच्या १९८६च्या स्फोटाची धूळ स्वीडनवरही पडली. अर्थशास्त्रज्ञ अल्मंड, एडलुंड आणि पाल्मे यांनी २००९मध्ये दाखवलं की जास्त धूळ पडलेल्या भागांत, त्या वेळी ८ ते २५ आठवड्यांचे गर्भ असलेली मुलं शाळेच्या परीक्षांत, विशेषतः गणितात, मागे होती. तिथले डोस इतके कमी होते की अनेक किरणतज्ज्ञांना हे पटत नाही. मलाही या एका अभ्यासावर फार भार टाकावासा वाटत नाही. पण नेमके तेच आठवडे पुन्हा समोर यावेत, याकडे दुर्लक्षही करवत नाही.

आता आजोबांकडे येऊ. प्रौढ मेंदूतल्या बहुतेक चेतापेशी दुभंगत नाहीत, आणि किरण सर्वांत जास्त इजा करतात ती दुभंगणाऱ्या पेशींना. अपवाद एका जागेचा. कानशिलाच्या आत, खोलवर, हिप्पोकॅम्पस नावाचा वाकडा पट्टा असतो. आज सकाळी काय खाल्लं, डॉक्टर काय म्हणाले, अशा नव्या आठवणी पक्क्या होतात त्या इथे. प्रौढपणीही नव्या चेतापेशी जन्माला घालणाऱ्या मेंदूतल्या मोजक्या जागांपैकी ही एक मानतात. मिशेल मोंजे यांनी २००२मध्ये उंदरांवर दाखवलं की डोक्याला मोठा डोस दिला की इथली नवी पैदास थांबते, आणि पुढच्या वर्षी त्यांनीच दाखवलं की यामागे मोठा हात मेंदूतल्या दाहाचा आहे.

हे फक्त प्रयोगशाळेत राहिलं नाही. कर्करोग मेंदूत पसरला की सबंध मेंदूला रेडिएशन देतात, साधारण दहा दिवसांत ३०,००० मिलिग्रे. त्यानंतर रुग्ण नावं विसरतात, तोच प्रश्न पुन्हा विचारतात, हे घरच्यांच्या लक्षात येत असे. मग किरणांचा मार्ग असा आखला गेला की हिप्पोकॅम्पसला त्यांचा फारसा स्पर्शच होऊ नये. ५१८ रुग्णांवरची अमेरिकेतली चाचणी २०२०मध्ये प्रसिद्ध झाली. हिप्पोकॅम्पस वाचवलेल्या गटात आकलन आणि स्मृती ढासळण्याचा धोका साधारण एक चतुर्थांशाने कमी राहिला. आपल्याकडे कोणाच्या घरी सबंध मेंदूच्या रेडिएशनचा विषय निघाला असेल, तर हिप्पोकॅम्पस वाचवता येईल का, हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावा. प्रत्येक रुग्णात ते शक्य नसतं, पण विचारल्यावाचून राहू नये.

हे ३०,००० आणि सीटीचे ५० हे दोन आकडे शेजारी ठेवले की आजोबांच्या सुनेला उत्तर मिळतं. त्यांच्यात ६०० पटींचा फरक आहे. हिरोशिमातल्या वाचलेल्यांत, तेरा किंवा त्याहून अधिक वयात किरण लागलेल्या आणि पुढे साठी गाठलेल्या २,२८६ जणांचा पाठपुरावा झाला. २००९च्या त्या अहवालात डिमेन्शिया आणि रेडिएशनचा डोस यांचा संबंध आढळला नाही. रशियातल्या मायाक अणुकारखान्याच्या जुन्या कामगारांत पार्किन्सन आणि साठलेला डोस यांचा संबंध नोंदला गेला आहे. पण ते अनेक वर्षं, आजच्या मर्यादांच्या कितीतरी वरच्या डोसात काम केलेले लोक. एका सीटीने म्हाताऱ्या माणसाची स्मरणशक्ती जाते, याला पुरावा नाही.

उलट टोकाचा दावाही ऐकायला मिळतो, की थोडं रेडिएशन स्मृतीला बरंच करतं. २०१६मध्ये कॅनडाचे जेरी कटलर यांनी अल्झायमर झालेल्या ८१ वर्षांच्या एका बाईंची हकीकत छापली. काही सीटींनंतर त्या बोलू-वागू लागल्या, असं त्यात होतं. मग टोरंटोत चार रुग्णांना आठवड्यांच्या अंतराने तीनदा डोक्याचा सीटी देऊन पाहिला. २०२१च्या अहवालानुसार तिघांत थोडी सुधारणा दिसली. कमी डोसाने पेशींची दुरुस्तीयंत्रणा जागी होते आणि मेंदूतला दाह उतरतो, अशी त्यामागची कल्पना. कल्पना तपासण्याजोगी आहे. पण रुग्ण चार, तुलनेला दुसरा गट नाही, आणि सुधारणा मोजण्यात जवळच्या माणसांच्या सांगण्याचा मोठा वाटा. अल्झायमरमध्ये चांगले दिवस आणि वाईट दिवस तसेही येतात. तेवढ्या आधारावर कोणी ‘मेंदूसाठी सीटी’ विकायला बसला तर त्याच्या दारात जाऊ नये.

आजोबांचा सीटी का काढायचा, ते मात्र नीट समजून घ्यावं. भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळजवळ ८८ लाखांना, डिमेन्शिया असावा असा २०२३चा राष्ट्रीय अंदाज आहे. पण विसरणारा प्रत्येक म्हातारा त्यात मोडत नाही. काही जण बरे होणारे असतात, आणि ते शोधण्यातच डॉक्टरचं कसब. एक उदाहरण जवळून पाहू. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, बाथरूमच्या चौकटीला डोकं किंचित आपटलं, कोणाच्या लक्षातही नाही. कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये एक बारीक शीर फुटते आणि रक्त थेंबाथेंबाने साचत जातं. वयाने मेंदू आक्रसलेला असतो, त्यामुळे आत मोकळी जागा असते आणि आठवडे लोटतात तरी डोकं दुखत नाही. मग एक दिवस आजोबा दुपारलाच सकाळ समजतात, एक पाय ओढतात, ताटातल्या डाव्या बाजूचं वाढलेलं तसंच राहतं. सीटीवर मेंदूच्या कडेला चंद्रकोरीसारखा करडा पट्टा दिसतो. कवटीला एक-दोन छिद्रं पाडून ते रक्त काढलं की अनेकदा काही दिवसांत माणूस पुन्हा नातवंडांची नावं बरोबर घेऊ लागतो. ५० मिलिग्रेच्या भीतीने हा सीटी टाळला तर गमावलं काय, हे सांगायला नको.

सीटीच्या जोडीला रक्ताच्या तपासण्याही हव्यात: थायरॉइड आणि बी-१२. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता फार. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या २००६च्या अभ्यासात पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी निघालं होतं. ही कमतरता स्मृतीवर परिणाम करते आणि वेळेत इंजेक्शनं मिळाली तर बऱ्याच अंशी भरून येते. झोपेच्या गोळ्या, खोल उदासी, न ऐकू येणं, यांनीही माणूस विसराळू दिसतो.

नातवाच्या बाबतीत उलट विचार करावा. मुलाच्या मेंदूत पेशींची वाढ चालू असते आणि पुढे आयुष्य लांब असतं. युरोपातल्या नऊ देशांतल्या साडेसहा लाखांहून अधिक मुला-तरुणांच्या सीटींचा अभ्यास २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. डोक्याचा एकेक सीटी झालेल्या १०,००० मुलांमागे पुढच्या ५ ते १५ वर्षांत मेंदूच्या कर्करोगाचा साधारण एक जादा रुग्ण, असा त्याचा हिशेब. म्हणजे आपल्या एका मुलाला धोका अगदी लहान आहे. मूल बेशुद्ध असेल तर तो मोजत बसू नये, सीटी लगेच काढावा. पण जिथे गरजच नाही तिथे तेवढाही का घ्यावा?

गरज कधी नाही, हे ठरवण्याचे नियम आहेत. अमेरिकेत ४२,४१२ मुलांवरून ते बसवले गेले आणि २००९मध्ये लॅन्सेटमध्ये आले. दोन वर्षांच्या आतलं मूल असेल तर डॉक्टर असं पाहतात: मूल पुरतं शुद्धीवर आहे ना, आईबापांना ते नेहमीसारखं वाटतं ना, शुद्ध गेली असल्यास पाच सेकंदांच्या आतच परत आली ना, टेंगूळ असेल तर फक्त कपाळावर आहे की डोक्याच्या बाजूला-मागे, कवटी चेपल्यासारखी लागते का, आणि पडलं ते तीन फुटांहून उंचावरून किंवा वाहनाच्या धडकेत तर नाही ना. सगळी उत्तरं चांगली आली तर गंभीर इजेची शक्यता इतकी कमी की सीटीची जरूर नसते. दोन वर्षांपुढच्या मुलांसाठी असेच थोडे वेगळे प्रश्न आहेत, त्यांत उलट्या आणि तीव्र डोकेदुखी येतात. सीटीची जरूर नसेल तेव्हा काही तास डोळ्यांसमोर ठेवणं हाच उपचार. बिस्किट खाणाऱ्या नातवाला त्याच्या वयाचे नियम लावले की बहुधा तो घरीच जायचा. वडिलांनी मात्र रात्री त्याला एक-दोनदा उठवून पाहावं, आणि उलट्या, झोपाळूपणा किंवा वागण्यात फरक दिसला तर तडक परत यावं.

सीटी काढायचाच ठरला तर तो मुलाच्या बेताचा काढता येतो. लहान डोक्याला किरण कमी लागतात, मशीनवर मुलांसाठी वेगळी मांडणी असते. ती न बदलता मोठ्यांच्याच मांडणीवर स्कॅन केला तर मुलाला विनाकारण जास्त डोस बसतो. ‘बच्चों वाला प्रोटोकॉल लगाया है न?’ एवढं तंत्रज्ञाला विचारण्यात संकोच कसला? एमआरआय आणि सोनोग्राफीत हे किरण नसतातच, जिथे त्यांनी काम भागत असेल तिथे डॉक्टरांना तसं सुचवता येतं. मोबाइल टॉवरच्या लहरी तर या जातीच्याच नव्हेत, त्यांच्यात अणूतला इलेक्ट्रॉन हुसकावण्याइतकी ताकद नसते. या प्रकरणातला एकही आकडा त्यांना लावू नये.

सीटीवर काम करणाऱ्या तंत्रज्ञाच्या छातीवर एक लहान बिल्ला असतो. आत धातूच्या पट्टीवर तीन पांढऱ्या चकत्या बसवलेल्या असतात, कॅल्शियम सल्फेटमध्ये किंचित डिस्प्रोसियम मिसळून केलेल्या. ही पद्धत भाभा अणुसंशोधन केंद्राने घडवली. किरण पडले की त्यांची ऊर्जा चकतीत अडकून राहते. दर तीन महिन्यांनी बिल्ला तपासणीला जातो, चकती तापवतात, ती उजळते, आणि त्या उजेडावरून डोस कळतो. कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३०, ही मर्यादा अणुऊर्जा नियामक मंडळाने घातली आहे. सर्वसामान्य नागरिकाला अशा कामांमुळे वर्षाला १. रुग्णाला मात्र अशी मर्यादा नसते आणि ते बरोबरच आहे, कारण ज्याला चार सीटींची गरज आहे त्याला ते मिळालेच पाहिजेत. पण मर्यादा नाही म्हणून मोजदादही नसावी, हे मला मुळीच मान्य नाही.

मोजदाद मशीन स्वतःच करतं. प्रत्येक सीटीच्या शेवटी पडद्यावर एक तक्ता येतो, अनेकदा फिल्मच्या कोपऱ्यात किंवा सीडीत तो असतोही. त्यात सीटीडीआय (डोसाची तीव्रता) आणि डीएलपी (सबंध स्कॅनचा एकूण डोस) असे दोन आकडे असतात. प्रौढ डोक्यासाठी पहिला साधारण ५० ते ६०, दुसरा साधारण ८०० ते १,०००. तोच डीएलपी वर्षभराच्या बाळाला दिला तर सबंध शरीराचा डोस प्रौढाच्या तिपटीहून जास्त होतो. हे आकडे रिपोर्टवर लिहून मागावेत. जुन्या सीटीच्या फिल्म आणि सीडी तारीखवार एका फाइलमध्ये ठेवाव्यात, आणि दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना ती फाइल बरोबर न्यावी. गेल्या आठवड्यातला सीटी घरी राहिला म्हणून पुन्हा काढलेला सीटी हा सर्वांत सहज टाळता येणारा डोस आहे, आणि मूल असेल तर तो टाळायलाच हवा.